एडगर एफ. कॉड

एडगर फ्रँक कॉड, निकटवर्तीयांमध्ये टेड कॉड (ऑगस्ट १९२३ – १८ एप्रिल २००३), हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले संगणकशास्त्रज्ञ होते. आयबीएम या कंपनीत काम करत असताना त्यांनी माहिती साठवण्याचे रिलेशनल प्रारूप मांडले. बँका, रेल्वे आरक्षण, विमा, सरकारी नोंदी, कारखान्यांतील कामकाज अशा असंख्य व्यवहारांची माहिती आज ज्या डेटाबेसमध्ये राहते, त्यांपैकी बहुतेकांचा सैद्धान्तिक पाया हेच प्रारूप आहे. या कार्यासाठी त्यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांचे प्रारूप गणिताच्या दृष्टीने निर्दोष असले तरी प्रत्यक्षात वेगाने चालणार नाही, असा आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला. त्या आक्षेपाला उत्तर शोधण्याच्या प्रयत्नातून डेटाबेसची कार्यक्षमता वाढवण्याची आधुनिक तंत्रे विकसित झाली.

बालपण आणि शिक्षण

कॉड यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यातील पोर्टलँड बेटावर, फॉर्च्यून्सवेल या गावी झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील चामड्याच्या व्यवसायात होते, तर आई शिक्षिका होती. शालेय शिक्षण पूल येथे झाल्यानंतर त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एक्झेटर कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. तेथे त्यांनी रसायनशास्त्र आणि गणित या विषयांचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलाच्या किनारी विभागात वैमानिक होते आणि सन्डरलँड जातीची समुद्री विमाने चालवत असत. युद्ध संपल्यावर त्यांनी ऑक्सफर्डमधील शिक्षण पूर्ण केले. विमान चालवण्याची आवड त्यांना पुढेही राहिली.

आयबीएममधील सुरुवातीची वर्षे

१९४८ मध्ये कॉड अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या दुकानात काही काळ विक्रेता म्हणून आणि टेनेसी विद्यापीठात काही महिने गणिताचे अध्यापक म्हणून काम केल्यानंतर १९४९ मध्ये ते आयबीएममध्ये गणिती-प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. त्या वेळी कंपनीच्या न्यूयॉर्क कार्यालयात एसएसईसी नावाचे अवाढव्य गणनयंत्र होते. त्यासाठी प्रोग्राम लिहिणे हे त्यांचे पहिले काम होते. पुढे त्यांनी ७०१ या आयबीएमच्या व्यापारी संगणकाच्या विकासातही भाग घेतला.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टविरोधी मोहीम उघडली होती. केवळ संशयावरून माणसांच्या निष्ठेची चौकशी होण्याचे ते वातावरण कॉड यांना असह्य झाले. १९५३ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली आणि ते कॅनडातील ओटावा येथे गेले. तेथे त्यांनी क्षेपणास्त्र प्रकल्पाशी संबंधित संगणन विभागाची जबाबदारी सांभाळली. १९५७ मध्ये ते आयबीएममध्ये परतले. या दुसऱ्या पर्वात त्यांनी स्ट्रेच या महासंगणकावर काम केले. एकाच यंत्रावर अनेक प्रोग्राम एकमेकांना धक्का न लावता एकाच वेळी कसे चालवावेत, हा तेथे त्यांच्यापुढील प्रश्न होता. मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त काम कसे करून घ्यावे, या प्रश्नाशी त्यांचा आलेला हा प्रत्यक्ष संबंध होता.

डॉक्टरेट

आयबीएमच्या पाठबळावर कॉड यांनी वयाच्या चाळिशीच्या आसपास अॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला. १९६५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय स्वतःची प्रतिकृती निर्माण करणाऱ्या पेशीय स्वयंचालित यंत्रणा हा होता. जॉन फॉन नॉयमन यांनी अशा यंत्रणेसाठी प्रत्येक पेशीच्या २९ अवस्था वापरल्या होत्या. तेच कार्य केवळ ८ अवस्थांमध्ये साधता येते, हे कॉड यांनी दाखवून दिले. हा प्रबंध १९६८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. थोड्या आणि सोप्या मूलघटकांतून गुंतागुंतीची रचना उभी करण्याची वृत्ती त्यांच्या नंतरच्या कार्यातही दिसते.

तत्कालीन डेटाबेस

डॉक्टरेटनंतर कॉड कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांचे लक्ष व्यावसायिक माहितीच्या साठवणुकीकडे वळले. त्या काळी दोन प्रकारच्या प्रणाली प्रचलित होत्या. पहिल्या प्रकारात माहिती वृक्षासारख्या उतरंडीत रचलेली असे. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली याचे प्रमुख उदाहरण होय. अपोलो अंतराळ मोहिमेसाठी लागणाऱ्या सुट्या भागांची प्रचंड यादी सांभाळण्याच्या गरजेतून ती जन्माला आली होती. दुसऱ्या प्रकारात नोंदी एकमेकींशी दुव्यांच्या जाळ्याने जोडलेल्या असत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना चार्ल्स बाकमन यांनी ही पद्धत विकसित केली होती.

दोन्ही पद्धतींत प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहिती कोठे आणि कोणत्या क्रमाने ठेवली आहे, हे ठाऊक असावे लागे. एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर जाण्याची वाट तो स्वतः आखत असे. ठरलेली वाट ठरलेल्या कामासाठी वेगवान असे. मात्र व्यवस्थापकाने एखादा अनपेक्षित प्रश्न विचारला, की त्याच्या उत्तरासाठी नवा प्रोग्राम लिहावा लागे. साठवणुकीची रचना बदलली, तर आधीचे प्रोग्रामही बंद पडत.

१९७० चा शोधनिबंध

कॉड यांनी आपले विचार प्रथम १९६९ मध्ये आयबीएमच्या अंतर्गत अहवालात मांडले. त्यांचे विस्तारित रूप जून १९७० मध्ये असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेच्या मासिकात प्रसिद्ध झाले. सामायिक वापराच्या मोठ्या माहितीसाठ्यांसाठी रिलेशनल प्रारूप सुचवणारा हा निबंध संगणकशास्त्रातील सर्वाधिक प्रभावी लेखनांपैकी एक मानला जातो.

निबंधाच्या आरंभी कॉड यांनी प्रचलित प्रणालींमधील तीन परावलंबित्वे दाखवली: नोंदींच्या क्रमावरचे, इंडेक्सवरचे आणि माहितीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवरचे. उदाहरण म्हणून त्यांनी सुटे भाग आणि प्रकल्प यांची माहिती घेतली. भागांखाली प्रकल्प ठेवावेत, प्रकल्पांखाली भाग ठेवावेत, की दोन्ही समान पातळीवर ठेवावेत, अशा पाच वेगवेगळ्या रचना त्यांनी मांडल्या. एका रचनेसाठी लिहिलेला साधा प्रोग्राम दुसऱ्या रचनेवर निकामी ठरतो, हे त्यांनी या उदाहरणातून स्पष्ट केले.

यावरचा त्यांचा उपाय संचशास्त्रातून आणि तर्कशास्त्रातून आला होता. सर्व माहिती साध्या सारण्यांच्या रूपात असावी आणि प्रत्येक सारणी म्हणजे गणितातील एक संबंध असावा, असे त्यांनी सुचवले. दोन नोंदींमधील नाते दुव्याने नव्हे, तर दोन्हींत आढळणाऱ्या समान मूल्याने व्यक्त व्हावे. वापरकर्त्याने काय हवे एवढेच सांगावे. ते कसे शोधायचे, हे यंत्राने ठरवावे. त्यामुळे साठवणुकीची अंतर्गत रचना वेगासाठी हवी तशी बदलली, तरी वरचे प्रोग्राम अबाधित राहतात. या गुणाला माहितीचे स्वातंत्र्य असे म्हटले जाते.

सामान्यीकरण

एकच माहिती अनेक ठिकाणी लिहिली गेली, की ती एका ठिकाणी बदलते आणि दुसऱ्या ठिकाणी तशीच राहते. उदाहरणार्थ, खरेदीच्या प्रत्येक नोंदीत पुरवठादाराचा पत्ता लिहिला आणि पुरवठादाराने जागा बदलली, तर शेकडो ओळी दुरुस्त कराव्या लागतात. एखादी ओळ सुटली, तरी डेटाबेस परस्परविरोधी उत्तरे देऊ लागतो. हा दोष टाळण्यासाठी कॉड यांनी सारण्यांचे पद्धतशीर विभाजन करण्याचे नियम तयार केले. पहिले सामान्य रूप १९७० च्या निबंधातच आले होते. दुसरे आणि तिसरे रूप त्यांनी त्यानंतरच्या दोन वर्षांत मांडले. १९७४ मध्ये रेमंड बॉइस यांच्यासह त्यांनी दिलेली अधिक काटेकोर व्याख्या बॉइस-कॉड सामान्य रूप या नावाने ओळखली जाते.

याच काळात त्यांनी सारण्यांवरील क्रियांचे बीजगणितही पूर्ण केले. ओळी निवडणे, स्तंभ निवडणे, दोन सारण्या समान मूल्यांवरून जोडणे, अशा मोजक्या क्रियांच्या मिश्रणातून गुंतागुंतीचे प्रश्न विचारता येतात. तर्कशास्त्राच्या भाषेत विचारलेला प्रत्येक प्रश्न या बीजगणितातही मांडता येतो, हे त्यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले.

विरोध आणि १९७४ चा वादविवाद

कॉड यांच्या कल्पनेला सर्वांत तीव्र विरोध त्यांच्या स्वतःच्या कंपनीतून झाला. आयएमएस हे आयबीएमचे महत्त्वाचे उत्पादन होते आणि मोठमोठे ग्राहक त्यावर अवलंबून होते. त्याला पर्याय ठरू शकेल अशा कल्पनेत गुंतवणूक करण्यास कंपनीतील अनेकांची तयारी नव्हती. कॉड यांनी मात्र आपली भूमिका कंपनीच्या चौकटीपुरती मर्यादित ठेवली नाही. ते लिहीत राहिले आणि ग्राहकांशी व विद्यापीठांतील संशोधकांशी उघडपणे बोलत राहिले. त्यामुळे कंपनीतील काहींचा रोषही त्यांना पत्करावा लागला.

तांत्रिक आक्षेप वेगाचा होता. दुव्यांच्या पद्धतीत एका नोंदीवरून पुढच्या नोंदीकडे थेट जाता येते. रिलेशनल पद्धतीत मात्र दोन सारण्यांतील मूल्ये जुळवावी लागतात. दोन्ही सारण्यांत लाखो ओळी असतील आणि प्रत्येक ओळ दुसऱ्या सारणीतील प्रत्येक ओळीशी ताडून पाहायची असेल, तर ते काम कधी संपणारच नाही. अनुभवी प्रोग्रामरने हाताने आखलेली वाट एखादे यंत्र आपोआप शोधू शकेल, यावर त्या काळी अनेकांचा विश्वास नव्हता.

मे १९७४ मध्ये अॅन आर्बर येथील परिषदेत कॉड आणि बाकमन यांच्यात या विषयावर जाहीर वादविवाद झाला. बाकमन यांना आदल्याच वर्षीचा ट्युरिंग पुरस्कार मिळालेला होता. या वादात लगेच कोणताही निर्णय लागला नाही, परंतु संशोधकांच्या नव्या पिढीचे लक्ष रिलेशनल प्रारूपाकडे वळले.

सिस्टिम आर आणि वेगाचा प्रश्न

वेगाविषयीच्या शंकेला उत्तर प्रत्यक्ष बांधणीतूनच मिळणार होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास दोन प्रकल्प जवळपास एकाच वेळी सुरू होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इन्ग्रेस ही प्रणाली हाती घेतली. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा प्रकल्प सुरू झाला. कॉड त्याच प्रयोगशाळेत असले, तरी या प्रकल्पाची दैनंदिन बांधणी इतर संशोधकांनी केली.

सिस्टिम आरच्या पहिल्या टप्प्यात प्रश्नाचे उत्तर शोधताना किती ओळी वाचाव्या लागतील, एवढाच हिशेब केला जात होता. हा हिशेब अपुरा असल्याचे लवकरच लक्षात आले. चकतीवरून माहिती आणण्यास लागणारा वेळ आणि प्रोसेसरचा वेळ या दोहोंचा एकत्रित विचार आवश्यक होता. पॅट्रिशिया सेलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत हा विचार पूर्णत्वास गेला. सारणीत किती ओळी आहेत, एखाद्या स्तंभात किती वेगवेगळी मूल्ये आहेत, कोणते इंडेक्स उपलब्ध आहेत, याची आकडेवारी प्रणाली स्वतः ठेवते. त्या आधारे सारण्या जोडण्याच्या वेगवेगळ्या क्रमांचा अंदाजे खर्च काढला जातो आणि सर्वांत स्वस्त योजना निवडली जाते. या घटकास क्वेरी ऑप्टिमायझर म्हणतात. रेमंड लोरी यांनी प्रश्न दरवेळी नव्याने न उलगडता त्याचे आधीच यंत्रभाषेत रूपांतर करून ठेवण्याची पद्धत आणली. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी शोधलेल्या बी-वृक्षावर आधारित इंडेक्समुळे प्रचंड सारणीतील एखादी नोंद चकतीच्या मोजक्या वाचनांत सापडू लागली.

१९७७ मध्ये प्रॅट अँड व्हिटनी या विमान-इंजिने बनवणाऱ्या कंपनीने सुटे भाग आणि पुरवठादार यांच्या नोंदींसाठी सिस्टिम आर वापरून पाहिली. कॉड यांनी १९७० मध्ये उदाहरणासाठी निवडलेल्या व्यवहारासारख्याच व्यवहारात त्यांचे प्रारूप उपयोगी पडले. आयबीएमने रिलेशनल उत्पादने बाजारात आणेपर्यंत इतर कंपन्या पुढे गेल्या होत्या. आयबीएमच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधांचा आधार घेऊन पुढे ओरॅकल या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९७९ मध्येच आपले उत्पादन विक्रीस आणले. आयबीएमचे एसक्यूएल/डीएस १९८१ मध्ये, तर डीबी२ हे १९८३ मध्ये आले.

एसक्यूएलविषयी मतभेद

सिस्टिम आरसाठी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वल ही भाषा तयार केली. नावाच्या हक्काविषयीच्या अडचणीमुळे तिचे पुढे एसक्यूएल असे नामकरण झाले. ही भाषा जगभर पसरली, पण कॉड तिच्याविषयी समाधानी नव्हते. त्यांनी स्वतः अल्फा नावाची भाषा सुचवली होती. गणितातील संचात एकच घटक दोनदा येत नाही, परंतु एसक्यूएलमध्ये एकसारख्या दोन ओळी चालतात, हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप होता. अनुपलब्ध माहितीची हाताळणीही त्यांना अपुरी वाटे. त्यांच्या या काटेकोरपणामुळे ते अनेकांना हट्टी वाटत, तर त्यांच्या समर्थकांच्या मते प्रारूपाची शुद्धता टिकून राहण्यास हाच स्वभाव कारणीभूत ठरला.

आरएम/टी आणि प्रक्रियांचे आराखडे

१९७९ मध्ये कॉड यांनी रिलेशनल प्रारूपाचा विस्तार मांडला. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे तो प्रथम सादर झाल्याने त्याला आरएम/टी हे नाव मिळाले. मूळ प्रारूप माहितीची रचना सांगते, परंतु तिचा अर्थ पुरेसा सांगत नाही, ही उणीव भरून काढणे हा या विस्ताराचा हेतू होता.

कामकाजाच्या प्रक्रियांच्या दृष्टीने यातील एक भाग विशेष महत्त्वाचा आहे. कॉड यांनी घटना हा वस्तूंचा स्वतंत्र प्रकार मानला आणि कोणत्या प्रकारची घटना कोणत्या घटनेनंतर येते, याचा आलेख डेटाबेसमध्येच सारणीच्या रूपात ठेवण्याची सोय केली. अनिवार्यपणे येणारी पुढची घटना आणि पर्यायी पुढच्या घटना यांत त्यांनी भेद केला. एखाद्या कार्यालयात अर्ज आल्यावर छाननी होतेच, परंतु छाननीनंतर मंजुरी किंवा नामंजुरी यांपैकी एकच गोष्ट घडते. अशा स्वरूपाचा क्रम या रचनेत नोंदवता येतो.

कामकाजाच्या प्रक्रियांचे आराखडे डेटाबेसमध्ये साठवताना हाच विचार उपयोगी पडतो. सर्वांत सरळ पद्धतीत एका सारणीत प्रक्रियेचे टप्पे आणि दुसरीत एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाणारे बाण लिहिले जातात. एखाद्या टप्प्यानंतर लगेच काय येते, हे एका जोडणीत समजते. त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत कोठे कोठे पोहोचता येते, हा प्रश्न मात्र कठीण आहे, कारण किती जोडण्या कराव्या लागतील हे आधी माहीत नसते. रिलेशनल बीजगणिताच्या मूळ क्रियांनी हा प्रश्न मांडताच येत नाही, हे आल्फ्रेड एहो आणि जेफ्री उलमन यांनी त्याच १९७९ मध्ये सिद्ध केले. एसक्यूएलच्या प्रमाणित आवृत्तीत पुनरावर्ती प्रश्नांची सोय येण्यास १९९९ साल उजाडले.

अशा साठवणुकीची गती वाढवण्याचे आजचे प्रमुख उपाय म्हणजे बाणांच्या दोन्ही टोकांवर इंडेक्स ठेवणे, वारंवार लागणारे पोहोचमार्ग आधीच काढून वेगळ्या सारणीत ठेवणे, आणि क्वचित बदलणारा आराखडा व सतत वाढणाऱ्या कामकाजाच्या नोंदी वेगवेगळ्या सारण्यांत ठेवणे. यांपैकी पोहोचमार्ग साठवण्याच्या उपायात माहितीची पुनरुक्ती होते. त्यामुळे वाचन जलद होते, पण आराखडा बदलला की तयार मार्गही दुरुस्त करावे लागतात. वेग आणि सुसंगती यांतील ही देवघेव समजून घेण्यास कॉड यांच्या सामान्यीकरणाच्या नियमांची मदत होते. आरएम/टी मात्र संपूर्ण स्वरूपात कोणत्याही प्रमुख उत्पादनात उतरले नाही.

आयबीएमनंतर

१९८४ मध्ये कॉड यांनी आयबीएम सोडले. क्रिस्टोफर डेट या सहकाऱ्यासोबत त्यांनी सल्लागार संस्था उभारली. तोपर्यंत रिलेशनल हा शब्द बाजारात प्रतिष्ठेचा झाला होता आणि जुन्याच प्रणालींना वरवरचा मुलामा देऊन त्या नावाने विकण्याचे प्रकार वाढले होते. त्यांना आळा घालण्यासाठी कॉड यांनी १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्ड या नियतकालिकात आपले नियम प्रसिद्ध केले. ते बारा नियम म्हणून ओळखले जातात. शून्यापासून मोजणी केल्यामुळे प्रत्यक्षात त्यांची संख्या तेरा आहे. १९९० मध्ये त्यांनी प्रारूपाची दुसरी आवृत्ती पुस्तकरूपाने मांडली. तिच्यात ३३३ वैशिष्ट्ये नोंदवली होती. ती पूर्णपणे अमलात आणणे कोणत्याही कंपनीला व्यवहार्य वाटले नाही. याच वर्षी त्यांचा शॅरन वाईनबर्ग यांच्याशी विवाह झाला. वाईनबर्ग याही गणिताच्या अभ्यासक होत्या.

१९९३ मध्ये विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुमितीय डेटाबेसवर कॉड आणि सहकाऱ्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. ओएलएपी ही संज्ञा त्यातून रूढ झाली. मात्र या अहवालाला अर्बर सॉफ्टवेअर या कंपनीने अर्थसाहाय्य केले होते आणि त्यातील निकष तिच्याच उत्पादनाशी जुळत होते. ही बाब समोर आल्यावर कॉड यांच्यावर टीका झाली. विक्रेत्यांच्या दाव्यांपासून सिद्धान्ताला जपणाऱ्या संशोधकाच्या कारकिर्दीतील हा सर्वाधिक वादग्रस्त प्रसंग ठरला.

सन्मान

आयबीएमने १९७६ मध्ये कॉड यांना फेलो हा आपला सर्वोच्च तांत्रिक सन्मान दिला. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुरस्कारानंतरच्या व्याख्यानात त्यांनी रिलेशनल पद्धतीमुळे प्रोग्रामरच्या उत्पादकतेत होणाऱ्या वाढीवर भर दिला. १९९४ मध्ये असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरीने त्यांची फेलो म्हणून निवड केली. सिस्टिम आर आणि इन्ग्रेस या दोन्ही प्रकल्पांना याच संस्थेचा १९८८ चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

निधन आणि वारसा

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथील राहत्या घरी हृदयविकाराने कॉड यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७९ वर्षांचे होते. २००४ मध्ये डेटाबेस संशोधनातील सिगमॉड या गटाने आपल्या नवोन्मेष पुरस्काराला त्यांचे नाव दिले.

कॉड यांनी कोणतीही प्रसिद्ध प्रणाली स्वतः बांधली नाही किंवा तिची विक्री केली नाही. माहिती मागणाऱ्याने तिच्या साठवणुकीची चिंता करू नये, ही अट त्यांनी घातली आणि ती वेग राखून पूर्ण करण्याची जबाबदारी डेटाबेस बांधणाऱ्यांवर सोपवली. क्वेरी ऑप्टिमायझरवर आजही सुरू असलेले संशोधन हे त्याच जबाबदारीचे पुढचे रूप आहे. आलेख, दस्तऐवज किंवा प्रक्रियांचे आराखडे साठवण्यासाठी रिलेशनलखेरीज अन्य पद्धती पुढे आल्या असल्या, तरी त्यांची तुलना कॉड यांच्या प्रारूपाशीच केली जाते.